आधी कागद, मग कडी

हिंदी सिनेमात पोलीस दारात आले की घरातला माणूस हमखास विचारतो, "वॉरंट आहे का?" मग एक तर इन्स्पेक्टर खिशातून घडी घातलेला कागद काढतो, नाहीतर दातओठ खात मागे फिरतो. या एका संवादाने आपल्या तीन पिढ्यांना कायदा शिकवला, आणि चुकीचा शिकवला. खऱ्या दारात हा प्रश्न विचारलात तर "लागत नाही" असं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच, आणि पुष्कळदा ते उत्तर कायद्याला धरून असतं. ज्या गुन्ह्याचा तपास करण्याचा पोलिसांना अधिकार आहे, त्या तपासात तपासी अंमलदार न्यायालयाच्या वॉरंटाशिवायही घराची झडती घेऊ शकतो. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. तो मला ठाऊक नव्हता, तेव्हाची एक गोष्ट आधी सांगतो.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. रात्री सव्वादहाच्या सुमाराला आमच्या इमारतीच्या फाटकाशी एका हवालदाराने मला गाठलं. "साहेब, दोन मिनिटं या, पंच म्हणून लागताय." नाही म्हणायचं धैर्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुतूहलही होतं. कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही त्यांनी ठेल्यावरून उठवून आणलं होतं. चुन्याची बोटं त्याने लुंगीला पुसली. शेजारच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं बिऱ्हाड. घरातला पोरगा घरफोडीच्या संशयावरून ठाण्यात होता. घरात त्याचा थोरला भाऊ, वहिनी आणि खाटेवर आजी.

फौजदाराने पहिली गोष्ट केली ती मला विचित्रच वाटली. त्याने दोन्ही हात वर केले आणि थोरल्या भावाला म्हणाला, "घ्या, माझी अंगझडती घ्या." भावाने घाबरत घाबरत त्याचे खिसे चाचपले. मग हवालदाराचे, मग आम्हा पंचांचे. बाहेरून आणलेली वस्तू घरात 'सापडू' नये म्हणून ही रीत आहे, हे मला नंतर कळलं. मग तांदळाचा डबा वर्तमानपत्रावर उपडा झाला, विम्याची पाकिटं उघडली गेली, "आजी, जरा उठता का" म्हणत गादी उचलली गेली. शेवटी माळ्यावरच्या गणपतीच्या मखराच्या खोक्यात, थर्माकोलच्या खाली, रुमालात बांधलेला पाटल्यांचा जोड मिळाला. मी तो पाहिला. पानवाल्याने पाहिला की नाही, सांगता येत नाही. खोली इतकी चिंचोळी होती की तो जिन्यातच उभा राहिला होता.

"पंचनामा उद्या लिहून काढू, सकाळी ठाण्यात या सहीला," फौजदार म्हणाला. मी गेलो. चार पानं तयार होती: "पंचांसमक्ष घराची कसून झडती घेतली असता…" मी वाचली, मजकूर जवळजवळ बरोबर होता, सही केली. ही झडती वॉरंटाशिवाय होती का, असेल तर कुठल्या कलमाखाली, तिचं कारण आधी कुठे लिहिलं होतं का, यातलं काही विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. त्या घरातल्या कुणाच्याही आलं नाही.

लिहिलेलं कारण

पोलिसांना वॉरंटाशिवाय झडतीचा अधिकार देणारं मुख्य कलम म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं १६५. वकील आणि जुने पोलीस अजून याच आकड्याने बोलतात. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि हे कलम १८५ झालं. आकडा बदलला, गाभा तोच राहिला. तो गाभा एका दमात सांगायचा तर असा: तपासाला लागणारी एखादी वस्तू अमुक ठिकाणी मिळेल असं मानायला अधिकाऱ्याजवळ वाजवी कारण हवं, वॉरंट आणायला गेलो तर नको इतका उशीर होईल असं त्याचं मत हवं, आणि ते कारण, शक्य तितपत त्या वस्तूच्या उल्लेखासह, त्याने झडतीच्या आधी लिहून काढायला हवं. नव्या कायद्याने कुठे लिहायचं तेही सांगितलं आहे: केस डायरीत.

या वाक्यातला जीव 'आधी' या शब्दात आहे. सापडलेल्या वस्तूवरून मागाहून कारण रचणं कुणालाही जमतं. पाटल्या मिळाल्यावर "पाटल्या मिळतील अशी खात्रीशीर बातमी होती" असं लिहायला काय लागतं? कडी वाजवण्याआधी ते वाक्य कागदावर उतरवायचं म्हणजे अधिकाऱ्याला स्वतःला बांधून घ्यावं लागतं. काय शोधतोय, इथेच का, आत्ताच का. मखराच्या खोक्यात पाटल्या मावतात; चोरीची मोटरसायकल शोधायला आलेल्याला तांदळाचा डबा उपडा करायचं कारण नाही. 'बघू काय सापडतंय ते' या हेतूने केलेली झडती कायद्यात बसत नाही, आणि ती बसत नाही हे ठरवण्याचा एकमेव पुरावा म्हणजे आधी लिहिलेला तो कागद.

तो कागद अधिकाऱ्याच्या खणात पडून राहायचा नसतो. त्याची प्रत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे लगेच जायला हवी. पूर्वी कायदा नुसतं 'तत्काळ' म्हणायचा, आणि सरकारी तत्काळ म्हणजे काय ते आपण जाणतो. आता जास्तीत जास्त ४८ तासांची मुदत आहे. घराच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला तर ही प्रत त्याला मोफत मिळते. या अर्जाइतकं स्वस्त आणि इतकं कमी वापरलं जाणारं हत्यार आपल्या फौजदारी कायद्यात क्वचितच असेल. वॉरंटाची झडती आणि वॉरंटाशिवायची झडती यांतला खरा फरक असा: पहिलीत न्यायाधीशाला आधी पटवावं लागतं, दुसरीत नंतर कळवावं लागतं.

कारण न लिहिता झडती घेतली तर काय? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच, राजस्थान सरकार विरुद्ध रहमान या खटल्यात देऊन ठेवलं आहे. अबकारी खात्याचा अधिकारी तंबाखूच्या प्रकरणात रहमानच्या घराची झडती घ्यायला गेला. रहमानने अडवलं. सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणला म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला. अधिकाऱ्याने कलम १६५ प्रमाणे कारणं लिहिलीच नव्हती. न्यायालयाने म्हटलं, मग ती झडतीच बेकायदा, आणि बेकायदा झडतीला अडवणं हा गुन्हा नाही. रहमान सुटला.

पण रहमानचा कित्ता कुणी गिरवू नये. अधिकाऱ्याने कारण लिहिलं आहे की नाही, हे दारात उभं राहून कळत नाही. ते कळतं वर्षा-दोन वर्षांनी, कोर्टात. शिवाय सद्भावनेने वागणाऱ्या सरकारी नोकराविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने फार आखडता ठेवला आहे, त्याची कृती कायद्यात काटेकोरपणे बसत नसली तरीही. दारात हात आडवा घालण्यापेक्षा वही उघडून वेळ, नावं आणि नेमप्लेटवरचे क्रमांक लिहून घेणं कधीही शहाणपणाचं.

झडती कशी घ्यायची याचे नियम वॉरंट असो-नसो, सारखेच आहेत. जुनं कलम १००, नवं १०३. त्याच परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हवेत. तसे मिळाले नाहीत किंवा कुणी तयार झालं नाही तर दुसऱ्या परिसरातले चालतात. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. जप्त केलेली प्रत्येक वस्तू कुठे मिळाली याची यादी जागेवर करायची, पंचांनी सही करायची. घरमालकाला किंवा त्याच्या वतीने एकाला झडतीभर हजर राहू द्यायचं, आणि यादीची सही केलेली प्रत द्यायची. लेखी हुकूम हातात पडल्यावर पंच व्हायला विनाकारण नकार दिला तर तो पंचाचा गुन्हा ठरतो.

'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित' या दोन शब्दांची आपल्याकडे जी दैना झाली ती पाहून कीव येते. ठाण्याच्या आसपास हिंडणारे, पोलिसांच्या उपकाराखाली असलेले, वर्षाला डझनभर पंचनाम्यांवर सह्या करणारे 'नेहमीचे पंच' ही जात कोर्टातल्या प्रत्येक वकिलाच्या ओळखीची आहे. दुसऱ्या बाजूला भला माणूस पंच व्हायला का टाळतो तेही उघड आहे: आज एक सही, आणि पाच वर्षांनी कामधंदा सोडून साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहणं. कायद्याने घराच्या रक्षणासाठी शेजाऱ्याला उभं केलं. शेजारी दाराला कडी लावून बसला. यात पोलिसांचा दोष आहे तितकाच आपलाही आहे.

माणूस पकडायला आलेल्या पोलिसांची गोष्ट थोडी निराळी. अटक करायची व्यक्ती एखाद्या घरात शिरली आहे असं मानायला कारण असेल, तर घरवाल्याने आत घेणं बंधनकारक आहे. आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगून, आत येण्याची मागणी करूनही दार उघडलं नाही तर दार-खिडकी तोडता येते. अटकेच्या या कलमात एक जुनाट गंमत शिल्लक आहे. त्या खोलीत पडदा पाळणारी, लोकांसमोर न येणारी बाई असेल, तर तिला आधी कळवून बाहेर निघून जायला पुरेशी सवड द्यायची. एकोणिसाव्या शतकातल्या वाड्यांसाठी आणि हवेल्यांसाठी लिहिलेलं हे वाक्य २०२३ सालच्या नव्या संहितेतही जसंच्या तसं उतरलं आहे. बाकीच्यांनी, म्हणजे आजीसारख्या खाटेवरच्या माणसांनी, गादी उचलू द्यायची.

पुण्याची आठवण, दिल्लीची विस्मृती

बिनपरवानगी घरात शिरणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला कलमं वाचून शिकावं लागलेलं नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. चार कलमांचा इवलासा कायदा, पण त्यातून मिळालेले अधिकार अफाट. मार्चपासून पुण्यात वॉल्टर रँड याच्या प्लेग समितीखाली गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घराघरात शिरू लागल्या. रोगी शोधायचे, संशयितांना छावणीत न्यायचं, सामान बाहेर काढायचं, जाळायचं. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली, कशालाच उंबरा उरला नाही. 'केसरी'ने त्यावर टीकेची झोड उठवली. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या समारंभावरून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि दुसरा एक अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे त्याबद्दल दामोदर चापेकर फासावर गेले. हे सोजीर पोलीस नव्हते, शोधत होते तो गुन्हा नव्हता, आणि प्लेगला आवर घालायला काहीतरी करणं भागच होतं, हे सगळं मान्य. पण झडतीच्या अधिकाराला लेखी कारणाचं आणि साक्षीदाराचं वेसण नसलं की काय होतं, याचा इतका जवळचा धडा दुसरा नाही. तो साथरोग कायदा अजून जिवंत आहे. करोनाच्या काळात आपण सगळे त्याच्याही अमलाखाली घरात बसलो होतो.

प्लेगच्या दोन वर्षं आधी, १८९५ मध्ये, हिंदुस्थानासाठी संविधानाचा एक मसुदा लिहिला गेला होता. तो लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने झाला असं अ‍ॅनी बेझंट यांचं म्हणणं होतं. घर हे प्रत्येक नागरिकाचं अभंग आश्रयस्थान आहे, अशा अर्थाचं कलम त्यात होतं. मग संविधान लिहायची खरी वेळ आली तेव्हा हे कलम गेलं कुठे?

मार्च १९४७ मध्ये मराठी वाचकांच्या ओळखीच्या दोन माणसांनी ते मांडलं. कन्हैयालाल मुन्शींनी आपल्या मसुद्यात घराच्या अभंगतेचा हक्क घातला. डॉ. आंबेडकरांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण, आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट नाही, असं जवळजवळ अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीच्या वळणाचं कलम लिहिलं. मूलभूत हक्कांवरच्या समितीत अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी हरकत घेतली: असं कलम मूलभूत हक्कांत आलं तर पोलिसांच्या तपासाचे हात बांधले जातील. कलम गळालं. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत दुरुस्ती मांडून ते परत आणायचा प्रयत्न केला. आंबेडकर म्हणाले, ही तरतूद फौजदारी संहितेत आहेच, तरी ती संविधानात यायला माझी ना नाही; पुढच्या विधिमंडळांना ती सहज बदलता येणार नाही. मतदान पुढे ढकललं गेलं आणि नंतर दुरुस्ती फेटाळली गेली.

त्या नकाराचे पडसाद सहाच वर्षांत उमटले. १९५४ मध्ये दालमिया उद्योगसमूहाशी संबंधित झडत्यांचं प्रकरण आठ न्यायमूर्तींच्या पीठापुढे आलं. पीठाने म्हटलं, आपल्या संविधानकर्त्यांनी अमेरिकेसारखी तरतूद ठेवलेली नाही, तेव्हा ती आम्ही ओढूनताणून आणू शकत नाही. ज्या वादात आंबेडकर हरले होते, तो हरल्याचंच कारण आता हक्क नाकारायला पुढे करण्यात आलं.

मग आला खडकसिंग. उत्तर प्रदेशातला हा माणूस १९४१ मध्ये दरोड्याच्या एका प्रकरणात धरला गेला आणि पुरावा नाही म्हणून सोडला गेला. पण पोलिसांनी त्याचं 'हिस्ट्रीशीट' उघडलं, आणि ते एकदा उघडलं की मिटत नाही. रात्री-अपरात्री गावचा चौकीदार आणि शिपाई दारावर येत, कडी वाजवत, ओरडत, त्याला झोपेतून उठवत. घरात आहे ना, एवढंच पाहायचं. त्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९६२ च्या निकालात बहुमताने म्हटलं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही. पण रात्रीच्या या घरभेटी मात्र घटनाबाह्य आहेत, कारण कायद्याने केलेल्या नियमाशिवाय माणसाच्या घरात घुसून त्याची झोपमोड करता येत नाही. एका हाताने नाकारलं आणि दुसऱ्या हाताने दिलं. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी वेगळं मत लिहिलं आणि खाजगीपणा हा स्वातंत्र्याचाच भाग आहे असं ठामपणे सांगितलं.

ते अल्पमत ५५ वर्षं वाट पाहत राहिलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, पुट्टस्वामी खटल्यात, एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि १९५४ व १९६२ चे निकाल तेवढ्यापुरते मोडीत काढले. पीठावर धनंजय चंद्रचूड होते आणि नागपूरचे शरद बोबडे. तपासाच्या अधिकाराला यामुळे खीळ बसलेली नाही. पण आता घरात शिरण्याला कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि हेतूच्या मानाने बेताची कृती हवी, ही कसोटी संविधानाची झाली. करीमुद्दीन यांची दुरुस्ती सभागृहाच्या दारातून गेली ती न्यायालयाच्या दारातून परत आली.

सापडलेल्या वस्तूचं काय

आता कडू भाग. समजा, पोलिसांनी कारण लिहिलं नाही, पंच धड नव्हते, आणि तरी घरात चोरीचा माल सापडला. तो पुरावा म्हणून चालेल का? चालतो. १९६२ च्या राधाकिशन खटल्यात एका पोस्टमनच्या घरझडतीत न वाटलेली पत्रं निघाली होती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, झडती बेकायदा असली तर दोनच परिणाम होतात: ज्याचं घर आहे तो ती अडवू शकला असता, आणि न्यायालय तो पुरावा जरा अधिक बारकाईने तपासेल. जप्ती त्यामुळे बाद होत नाही. अकरा वर्षांनी आयकराच्या छाप्यांसंबंधीच्या पूरणमल खटल्यात पाच न्यायमूर्तींनी हेच धोरण पक्कं केलं: पुरावा विषयाला धरून असेल तर तो कसा मिळवला याने तो बाद ठरत नाही.

अमेरिकेने याच सुमाराला उलटी वाट धरली. क्लीव्हलँड शहरात मे १९५७ मध्ये डॉलरी मॅप नावाच्या बाईच्या दारात पोलीस आले. ती वकिलाला फोन करून म्हणाली, वॉरंटाशिवाय आत घेणार नाही. तीन तासांनी जादा कुमक आली, दार तोडलं. "वॉरंट कुठंय" म्हणताच एकाने कागद फडकवला. तिने तो हिसकावून पोलक्यात खुपसला. झटापट करून त्यांनी तो परत घेतला. ज्याच्या शोधात आले होते त्यासंबंधीचा खटला राहिला बाजूला, ट्रंकेत काही अश्लील पुस्तकं मिळाली म्हणून तिला शिक्षा झाली. खटल्यात तो कागद कुणी दाखवलाच नाही. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि देशभरासाठी नियम केला: बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा चालणार नाही. आपल्या सिनेमातला तो प्रश्न मुळात तिकडचा आहे. तिथे त्याच्यामागे हा नियम उभा आहे, म्हणून त्याला धार आहे.

माझं मत विचाराल तर अमेरिकेचा नियम जसाच्या तसा उचलावा असं मला वाटत नाही. ठाणेदाराच्या आळसाची शिक्षा घरफोडी झालेल्या म्हातारीने का भोगावी? पण नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला काहीच सोसावं लागत नसेल, तर नियम म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात, कायदेशीर अधिकाराशिवाय किंवा वाजवी कारणाशिवाय घरात शिरणाऱ्या, झडती घेणाऱ्या पोलिसाला तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो असं कलम १४७ आहे. ते किती ठाणेदारांना तोंडपाठ असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

एका कायद्यात मात्र कागद नसला तर खटला खरोखर कोसळतो: अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा. शिक्षा दहा-वीस वर्षांच्या, म्हणून न्यायालयं इथे कडक. कलम ४२ सांगतं, बातमी मिळाली की ती लिहून काढा. शिपायाहून वरच्या दर्जाच्या, अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यालाच बिनवॉरंट घरात शिरता येतं, तेही सूर्योदय ते सूर्यास्त. सूर्यास्तानंतर शिरायचं तर वॉरंट आणेपर्यंत माल लपवला जाईल किंवा माणूस पळेल, हे मानायचं कारण आधी लिहा. आणि लिहिलेल्याची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवा. २००९ मध्ये कर्नैलसिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला की घाईच्या प्रसंगी लिहिण्याला थोडा उशीर समजून घेता येईल, पण हे कलम अजिबातच पाळलं नाही तर चालणार नाही. संध्याकाळी पाच आणि रात्री नऊ यांत कायद्याने एवढा फरक करावा हे मला फार माणुसकीचं वाटतं. घर दिवसा जेवढं घर असतं, त्याहून रात्री जास्त असतं.

काय शोधायला घरात शिरावं यालाही मर्यादा असते, हे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. त्यात परराज्यात कापलेल्या जनावराचं मांस नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा होता, आणि त्यासाठी उपनिरीक्षक दर्जाच्या पोलिसाला जागेत शिरून तपासणीचा अधिकार होता. ६ मे २०१६ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती एस. सी. गुप्ते यांनी हत्याबंदी कायम ठेवली, पण बाळगण्याचं हे कलम रद्द केलं. नागरिक आपल्या घरात काय खातो हे पाहायला सरकारला स्वयंपाकघरात डोकावता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. आणि तो पुट्टस्वामीच्याही आधीचा आहे, हे विशेष.

नव्या संहितेने आणखी एक साक्षीदार आणला आहे, आणि तो फितूर होत नाही. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्-श्राव्य चित्रण करायचं, शक्यतो मोबाईलवर. त्यात यादी करणं आणि पंचांनी सह्या करणंही आलं पाहिजे. आणि ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. पोलिसांसाठी 'ई-साक्ष्य' नावाचं अ‍ॅपही आलं आहे. कॅमेरा कुठल्या क्षणी सुरू होतो आणि कुठल्या क्षणी बंद, यावर आता उलटतपासण्या रंगतील. दाराबाहेर सुरू झालेला कॅमेरा अंगझडती दाखवेल. माळ्यावर चढल्यावर सुरू झालेला फक्त पाटल्या दाखवेल.

माझ्या पाटल्यांचा खटला सहा वर्षांनी उभा राहिला. समन्स घेऊन मी कोर्टात गेलो. सरकारी वकिलांनी पंचनामा पुढे केला, मी सही ओळखली. मग आरोपीचे वकील उठले. खोकं माळ्यावर डाव्या बाजूला होतं की उजव्या, हे त्यांनी विचारलं, मला आठवेना. पंचनामा कुठे बसून लिहिला, हे त्यांनी विचारलं. ते आठवत होतं. "पोलीस ठाण्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी." न्यायाधीशांनी मान वर केली आणि माझं वाक्य सावकाश, एकेक शब्द तोडत, टंकलेखकाला सांगितलं. सरकारी वकील माझ्याकडे पाहत नव्हते.

माझ्यानंतर पानवाल्याला पुकारलं. त्याने शपथ घेतली, सही आपलीच असल्याचं कबूल केलं, आणि पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, "साहेब, मी घरात गेलोच नव्हतो. जिन्यात उभा होतो."